पहिला वस्तरा: दगड, पट्टा आणि धारेबद्दलचे नेहमीचे प्रश्न

सलूनमध्ये हल्ली जो वस्तरा दिसतो त्यात ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून देतात. त्याला धार लावायचा प्रश्नच येत नाही. इथले प्रश्न आहेत ते अख्ख्या पोलादी पात्याच्या घडीच्या वस्तऱ्याबद्दल, पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असायचा तो. असा वस्तरा पहिल्यांदाच घेणारे ज्या क्रमाने विचारत जातात, साधारण त्याच क्रमाने उत्तरं दिली आहेत.

नवाकोरा वस्तरा आलाय. लगेच दाढी करू का?

धार तपासल्याशिवाय नको. कारखान्यातून आलेली धार कागद कापते, बोटही कापते, पण दाढीला ती पुरेलच असं नाही. दाढीसाठी धारेची कड अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून बारीक लागते, आणि तिथवर पोचायचं शेवटचं काम हाताने, दगडावरच होतं. विकणारा ‘दाढीसाठी तयार’ म्हणत असेल तर धार कोणी लावली आणि कशावर, एवढं विचारून घ्या. ज्याने खरंच लावलीय तो कौतुकाने दहा मिनिटं सांगत बसतो.

माझं मत विचाराल तर पहिला वस्तरा जाणकाराकडून धार लावूनच घ्यावा आणि महिना-दोन महिने फक्त दाढी करायला आणि चामड्याच्या पट्ट्यावर परजायला, म्हणजे धार फिरवून सरळ करायला, शिकावं. धार लावणं, परजणं आणि दाढी ही तिन्ही कामं एकदम शिकायला घेतली की केस ओढले गेले तर दोष दगडाचा, पट्ट्याचा की हाताचा, याचा पत्ताच लागत नाही. शिवाय चांगली धार गालावर कशी लागते हेच ठाऊक नसेल, तर आपण लावलेली धार कशाशी ताडून बघणार?

पहिला वस्तरा कोणता घ्यावा?

५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा, कार्बन पोलादाचा, टोक गोल असलेला. चौकोनी, अणकुचीदार टोकाचे वस्तरे देखणे असतात, पण नवशिक्याच्या कानाच्या पाळीशी त्यांचं वैर असतं. पातं सरळ धारेचं असावं. हसऱ्या ओठासारखी बाकदार धार दगडावर वेगळ्या हाताने फिरवावी लागते.

जर्मनीतलं सोलिंगेन, फ्रान्समधलं तिएर आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही या धंद्याची जुनी गावं. सोलिंगेनच्या नावाला तर १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. शेफील्डचे जुने वस्तरे बहुधा जाड, पाचरीसारखे असतात. आतून खोल घासून पातळ केलेलं पातं ही सोलिंगेनची ओळख. पाचरीच्या वस्तऱ्यात दगडाला टेकणारं पोलाद जास्त असतं, म्हणून शिकायला पातळ पातं सोपं. ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणारे, कुठल्या पोलादाचे हे न सांगणारे वस्तरे टाळा. त्यांच्यावर धार चढली तरी टिकत नाही, आणि चूक आपलीच असं वाटत राहतं.

घरात आजोबांचा जुना वस्तरा सापडलाय. चालेल?

बऱ्याचदा चालतो, आणि नव्यापेक्षा चांगला निघतो. पण आधी उजेडात नीट पाहा. पाठीवर आणि मध्यावर गंजाचे डाग असतील तर दिसायला वाईट, एवढंच. धारेच्या अगदी कडेला गंजाचे खड्डे असतील तर मात्र पंचाईत. तुम्ही घासत जाता तसतसा प्रत्येक खड्डा धारेपर्यंत पोचतो आणि तिथे ती तुटते. पात्याला केसाएवढी जरी चीर असली तरी तो वस्तरा शोकेसमध्ये ठेवायचा. धार मध्ये खोलगट झाली असेल किंवा पाठ एका बाजूला जास्त झिजून सपाट झाली असेल, तर पहिल्या सरावासाठी दुसरा वस्तरा घ्या.

मुठीकडेही लक्ष द्या. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की आम्लाच्या वाफा सोडतं आणि नेमकं त्याच्या आत राहणारं पातं गंजवतं. अशी मूठ ताबडतोब बदला. मूठ हस्तिदंताची असेल तर वस्तरा विकायच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा दारावर येतो. त्याच्याकडे दिला तर?

देऊ नका. तो त्याच्या कामात वाकबगार असतो, पण फिरत्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. उतरलेलं पाणी घरी परत चढवता येत नाही. विळी आणि सुरी खुशाल द्या. स्वयंपाकघरातल्या ओढायच्या धारयंत्राबद्दलही तेच. वस्तरा त्यात एकदा घातला की धारेला दाते पडतात.

दगडावर कोन किती धरायचा?

धरायचा नाही. सुरीत आणि वस्तऱ्यात मोठा फरक असेल तर हाच. वस्तऱ्याची पाठ जाड ठेवलेली असते ती कोनासाठीच. पातं आडवं टाकलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि कोन आपोआप ठरतो. १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ पाच मिलिमीटरच्या जरा आत असेल, तर धारेच्या दोन बाजूंचे उतार, म्हणजे दगडावर घासून झालेल्या तिरप्या कडा, मिळून साधारण १७ अंश होतात. पाठ दगडावरून कधीच उचलायची नाही, हा एकच नियम. ‘थोडं उचलून घासलं तर लवकर होईल’ असं सुरीची सवय असलेल्या हाताला हटकून वाटतं, आणि तिथेच धार गोल होते.

पाठीला टेप लावावी का?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. वीजवाल्यांची काळी टेप पाठीवर एक थर लावली की पाठ झिजत नाही आणि नक्षी वाचते. कोन किंचित वाढतो, त्याने बिघडत काही नाही. सोन्याचं काम असलेल्या किंवा जुन्या महागड्या वस्तऱ्याला मी टेप लावायलाच सांगेन. साध्या वस्तऱ्याला नाही लावली तरी चालतं, कारण धारेबरोबर पाठही झिजत गेली की कोन जवळपास तोच राहतो. लावलीत तर शेवटच्या दगडापर्यंत लावा, आणि फाटायला आली की बदला. मध्येच काढली तर कोन बदलतो, धार दगडाला टेकत नाही आणि तुम्ही नुसतीच उताराची मागची कड घासत बसता.

दगड कोणते लागतात?

किमान तीन टप्पे: १००० ग्रिट, ४००० किंवा ५०००, आणि ८०००. ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा; तो जितका मोठा तितका कण बारीक. त्यापुढे १२००० चा दगड चैनीचा, पण गालाला फरक कळतो. किंग, नानिवा, शॅप्टन हे जपानी कृत्रिम दगड आपल्याकडे मागवता येतात. अमेरिकन नॉर्टनचा एका बाजूला ४००० आणि दुसरीकडे ८००० असलेला दगड वर्षानुवर्षं अनेकांचा पहिला दगड ठरलाय. आकडे मात्र सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. जपानी ८००० मध्ये कण साधारण एक ते दोन मायक्रॉनचा असतो, तर नॉर्टनच्या ८००० मध्ये तीनच्या आसपास. म्हणून एकाच कंपनीची माळ घेतली की हिशोब सोपा जातो.

नैसर्गिक दगडांचं जग वेगळंच. बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळसर कोटिक्यूल, त्यात बारीक गार्नेटचे कण असतात. जर्मनीतल्या थुरिंगियाचा दगड, क्योटोजवळच्या खाणींतले जपानी दगड. यांची धार गालाला मऊ लागते असं वापरणारे सांगतात, आणि मलाही ते पटतं. पण प्रत्येक तुकडा वेगळा निघतो. शिकताना एक अनिश्चित गोष्ट कमी असलेली बरी.

पैसे वाचवायचे असतील तर लॅपिंग फिल्म हा उत्तम मार्ग. ही घासायची पातळ प्लास्टिक फिल्म १२, ९, ५, ३, १ आणि ०.३ मायक्रॉनमध्ये मिळते. ग्रॅनाइटवाल्याकडून पॉलिश केलेला सपाट तुकडा आणायचा, त्यावर पाणी टाकून फिल्म चिकटवायची. सपाट करायची कटकट नाही. फिल्म झिजते, तेवढा खर्च.

नवा दगडही सपाट करायचा?

हो. पेन्सिलीने दगडावर चौकटी आखा आणि डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी), नाहीतर जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून, त्यावर घासा. मधल्या रेघा शेवटपर्यंत राहिल्या तर दगड तिथे खोल होता. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. कडाही थोड्या मोडा, धारदार कड पात्याला खरवडते. किंगसारखे दगड आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवावे लागतात, शॅप्टनला नुसतं पाणी शिंपडलं की पुरतं.

१००० च्या दगडावर नेमकं काय करायचं?

सगळं काम इथेच आहे. दोन बाजूंचे उतार टाचेपासून (धारेच्या मुठीकडच्या टोकापासून) टोकापर्यंत एका रेषेत भेटले पाहिजेत, आणि ते भेटतात फक्त याच दगडावर. ८००० आणि १२००० चे दगड भेटलेल्या उतारांना गुळगुळीत करतात, न भेटलेल्यांना भेटवत नाहीत. गिलावा न करता रंग मारण्यातला प्रकार होतो. नवशिक्यांची दहातली नऊ रडगाणी ऐकली की निदान हेच निघतं: हजारावरून लवकर उठलात.

सुरू करण्याआधी दोन्ही उतारांवर काळ्या मार्करने रेघ ओढा. मान, म्हणजे पातं आणि ते मुठीला जोडणारी पिन यांमधला भाग, अंगठा आणि तर्जनीत धरा. पातं दगडावर आडवं टाका आणि धार पुढे ठेवून पुढे न्या. दगड पात्यापेक्षा अरुंद असतो, म्हणून पुढे नेताना पातं हळूहळू मुठीच्या बाजूला ओढायचं. सुरुवातीला टाच दगडावर असते, शेवटी टोक. मग पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून नाही, आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. चार-पाच फेऱ्यांनंतर मार्कर पाहा. शाई कडेपर्यंत गेली असेल तर धार टेकतेय. कडेला काळी रेघ उरली असेल तर अजून नाही.

सुरुवातीला, खूप बोथट असेल तर, पुढे-मागे अशा अर्ध्या फेऱ्या एका बाजूला वीस-तीस आणि तितक्याच दुसऱ्या बाजूला चालतात. इथे पाठीवर बोटाचा हलका दाब चालतो. उतार भेटत आले की दाब पूर्ण काढायचा, पात्याचं वजन तेवढंच.

उतार भेटले की पाणी सांगतं. दगडावर पाण्याचा पातळ थर ठेवा आणि पातं सावकाश पुढे न्या. आधी पाणी धारेखालून निसटून मागे जातं. उतार जुळला की धार पाण्याला पुढे ढकलते आणि पाणी पात्यावर एकसारखं चढतं. जिथे चढत नाही तिथे अजून काम आहे. आवाजही बदलतो. खरखर कमी होते आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकसारखा येतो.

उतार पूर्ण झाला हे पक्कं कसं कळेल?

तीन गोष्टी पाहा. टेबललॅम्पखाली धार सरळ वर, डोळ्यांकडे धरा आणि पातं हळू हलवा. पूर्ण धार दिसायलाच नको. कुठे चमकता ठिपका किंवा रेघ दिसली तर ती बोथट जागा, कारण प्रकाश परतवायला सपाट पृष्ठभाग लागतो. दुसरं, साठ पट मोठं दाखवणारं दिव्याचं छोटं भिंग. ओरखडे दोन्ही बाजूंनी थेट कडेला जाऊन भिडलेले दिसले पाहिजेत. तिसरं, मनगटावरचे केस. १००० वरची धार ते कातडीलगत सहज कापते, आणि टाच, मध्य, टोक तिन्हीकडे सारखंच कापते. टोमॅटोची परीक्षाही चांगली: वजनाने टेकवलेली धार साल न दाबता आत गेली पाहिजे.

अंगठ्याच्या नखावरून धार फिरवायची जुनी परीक्षा आहे. ती फक्त या टप्प्यावर, तीही अगदी हलकी करा, कारण नखाने धार खराब होते. शेवटच्या दगडानंतर तर नकोच.

पुढच्या दगडांवर किती फेऱ्या?

आकडा विचारू नका, भिंग विचारा. आधीच्या दगडाचे ओरखडे संपले की पुढे. साधारण पंचवीस ते चाळीस फेऱ्या लागतात. दाब प्रत्येक दगडाबरोबर कमी होत जातो, आणि दगड बदलताना पातं आणि हात धुवायचे. हजाराचा एक कण आठ हजारावर आला की पुन्हा मागे जावं लागतं.

दगडावर इतकं घासूनही दाढी ओढतेच. का?

पहिला संशय: हजारावरचं काम अपुरं. वरची तपासणी पुन्हा करा.

दुसरा: दाब. पातळ पातं दाबलं की वाकतं, धार दगडावरून किंचित उचलली जाते आणि तिच्या मागचाच भाग घासला जातो. हात हलका करून पन्नास फेऱ्या मारल्या तर बऱ्याच वेळा एवढ्यानेच सुधारतं.

तिसरा: टाच. पात्याच्या मुळाशी एक जाड उंचवटा असतो. तो दगडावर चढला की पातं तिरकं उचललं जातं आणि टाचेजवळची धार टेकतच नाही. वर्षानुवर्षं असं घासलं तर टाचेला हुकासारखा बाक तयार होतो. पातं सरळ आडवं न धरता टाच किंचित पुढे काढून तिरकं धरा आणि उंचवटा दगडाच्या कडेबाहेर ठेवा.

चौथा: जास्त घासणं. धारेची कड पापुद्र्यासारखी पातळ होऊन लोंबते. पहिले दोन फटकारे मस्त, मग ती मोडते आणि केस ओढू लागते. काचेच्या काठावरून धार एकदा, अगदी हलकेच ओढून मुद्दाम बोथट करायची आणि उतार पुन्हा जुळेपर्यंत हलक्या हाताने घासायचं. हे करताना काळीज चरकतं, पण उपाय खात्रीचा आहे.

आणि पाचवा, ज्याकडे कोणी पाहत नाही: दोष धारेत नसतोच. पाठ चेहऱ्यापासून जास्त दूर गेली की वस्तरा कापत नाही, खरवडतो. साधारण तीस अंशांचा कोन, कातडी ताणलेली, साबणाचा भरपूर ओला फेस, आणि पहिला हात केसांच्या दिशेने. एवढं सांभाळूनही गाल बोलत असेल तर दगडाकडे वळा.

पट्टा कशाला? दगडावर धार लागलीय ना?

दगड पोलाद काढतो. पट्टा धारेची वाकलेली, विस्कटलेली कड सरळ करतो, म्हणून तो दर दाढीआधी लागतो. कापडी बाजूवर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या पुरतात.

इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरायचा. सैल पट्ट्याला झोळ पडतो आणि धार गोल होते. टोकाला पोचल्यावर पातं पट्ट्यावरच पाठीवरून उलटायचं आणि मगच परत यायचं. पट्ट्याला पहिली चीर पडते ती याच वळणावर, वेग दाखवायच्या नादात. म्हणून पहिला पट्टा स्वस्त घ्या आणि अगदी हळू सुरू करा. घोड्याच्या कातड्याचे महागडे पट्टे हात बसल्यावर. टांगायच्या पट्ट्याशी जमत नसेल तर फळीवर चिकटवलेला पट्टा घ्या.

हिरवी पेस्ट लावू का?

मुख्य चामड्याला नाही. क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट साधारण अर्ध्या मायक्रॉनची असते. ती वेगळ्या पट्टीवर अगदी थोडी लावा आणि धार मंदावल्यासारखी वाटली की आठ-दहा फेऱ्या मारा. रोज पेस्टवर परजलं की धार हळूहळू गोल होते आणि शेवटी दगडच काढावा लागतो.

लटकत्या केसाने धार तपासणं विश्वासार्ह आहे का?

स्वतःच्याच धारांची तुलना करण्यापुरतं. केसाची जाडी, तो धुतलेला आहे का, मुळाकडून धरलाय की टोकाकडून, यावर निकाल बदलतो. केस तोडणारी धार गालाला करकरीत लागू शकते, आणि केस न तोडणारी धार छान दाढी करते.

पुन्हा दगडावर कधी न्यायचा?

रोज दाढी करणाऱ्याने नीट परजलं तर दोन-तीन महिन्यांनी. तेव्हाही १००० वर जायची गरज नसते, शेवटच्या दगडावर वीसेक हलक्या फेऱ्या पुरतात. हजाराचा दगड पुन्हा लागतो तो वस्तरा बेसिनमध्ये पडून धारेला खळी पडली तर.

पावसाळ्यात गंज कसा टाळायचा?

कोकणात आणि मुंबईत जूनपासून हा रोजचा प्रश्न. दाढी झाली की पातं धुवा, कपड्याने पुसा, मुठीच्या आतलं पाणी टिश्यूच्या घडीने टिपा, आणि वस्तरा तासभर उघडा ठेवून मगच मिटा. बाथरूमच्या कपाटात ठेवू नका. रोज वापरत नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर फिरवा आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा. खोबरेल तेल दीर्घकाळ ठेवायला बरं नाही, ते कालांतराने चिकट होतं. परजण्याआधी तेल पुसायला विसरू नका, पट्टा तेलकट होतो.

स्टेनलेसचे वस्तरे गंजाला जास्त दाद देत नाहीत, पण काही दगडांवर धार चढायला वेळ घेतात.

घरातल्या दुसऱ्या कोणी वापरला तर चालेल?

नाही. रक्तातून पसरणारे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांसाठी वस्तरा हा सरळ मार्ग आहे, आणि घरी तो खरोखर निर्जंतुक करणं कठीण. दोघांना हौस असेल तर दोन वस्तरे घ्या. दगडांचा संच मात्र एकच पुरतो.

प्रवासात नेता येतो का?

विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या सामानात कडक डब्यात घालून. दगड घरीच ठेवा, फळीचा छोटा पट्टा पुरतो.